याडीसोबत पाहिलेले तीन पिक्चर

स्टुलावर चढून पंखा पुसत होते, तोल गेला आणि डाव्या पायाचा घोटा मोडला. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर चढवलं. तीस वर्षं उपकेंद्राची नर्स म्हणून गावोगाव फिरलेली बाई मी. दुपारी बारा वाजता आपल्याच घरातलं छत कसं दिसतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. नवरा ट्रकवर असतो, नागपूर-हैदराबाद फेऱ्या करतो, आठवड्यातून दोनदा घरी टेकतो. मुलगी पुण्यात नोकरीला. तिला रजा मिळेना, म्हणून तिने तिकडूनच दोन गोष्टी केल्या. टीव्हीवर पिक्चरचं ॲप चालू करून दिलं आणि आजीला फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी याडी पांढरकवड्याला हजर. आमच्या बंजारा घरांत आईला याडी म्हणतात. तिचा तांडा इथून काळीपिवळी जीपने तासाभरावर. वय पंच्याहत्तरच्या पुढे, कान थोडे जड, बाकी सगळं ठणठणीत. आल्या आल्या तिने माझ्या प्लास्टरवर बोटाने टकटक केलं आणि विचारलं, "आतमंदी खाजवते काय वं?"

"नाही खाजवत."

"खाजवन," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. संध्याकाळपासून खाजवायला लागलं.

दुपारचं जेवण झालं की पिक्चर, असा नेम पडला. तिसरी प्रेक्षक म्हणजे समोरच्या गॅरेजवाल्यांच्या घरच्या भाभी. त्यांचा नवरा ट्रकांची कामं करतो, ह्या घरी शिवणकाम करतात. शिलाईचे ब्लाऊज पिशवीत घालूनच यायच्या आणि हुकं लावत बसायच्या. मला वाटलं होतं, चला, तेवढाच विरंगुळा. तीन बायका, एक टीव्ही. पण माझ्या डोक्याला एवढा ताप हायवेवरच्या हॉर्नांनीही कधी दिला नव्हता.

पहिला पिक्चर वाघाचा होता. आमच्याकडे वाघ ही काय वस्तू आहे ते कोणाला सांगायला नको. पेरणी, निंदण, वेचणी, सगळं त्याच्या वेळा सांभाळून होतं. मी स्वतः लसीचा डबा खांद्याला लावून अशा रस्त्यांनी गेलेय, जिथे आदल्या संध्याकाळी बैल मारला होता. पिक्चरमध्ये मात्र वनखात्याची एक अधिकारी होती. तिची खाकी कायम इस्त्रीची आणि केस मोकळे. जंगलात केस मोकळे! बाभळीच्या एका फांदीने तिला तिथेच उभी करून ठेवली असती. गावातले लोक एकमेकांशी बोलत ते वऱ्हाडी म्हणे. प्रत्येक वाक्यात "तुले" आणि "मले" पेरलं की झालं वऱ्हाडी, असं लिहिणाऱ्याला कोणीतरी सांगितलं असणार. एक म्हातारा तर स्वतःलाच "तुले" म्हणाला.

"ऐकलं का भाभी? ऐकलं?" मी म्हणाले.

भाभींचे डोळे पाण्याने भरले होते. वाघिणीचं पिल्लू हरवलं होतं.

याडीची अडचण वेगळीच. ती दर पाच मिनिटांनी विचारायची. "ह्या वाघिणीनं किती दिवसापासून खाल्लं नाही म्हनते?"

"आठ दिवस."

"मंग एवढी जाड कशी?"

थोड्या वेळाने, "ह्या पोरीच्या घरी सैपाक कोण करते?"

"माहीत नाही याडी. तो विषय नाही ना."

"ते दिवसभर जंगलात, सांच्याले गरम गरम जेवते. कोणीतरी करतच असन ना."

कान जड असल्यामुळे तिचे प्रश्न मोठ्याने यायचे आणि माझी उत्तरं त्याहून मोठ्याने जायची. वाघीण कशी मेली, की मेलीच नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या पिक्चरने खरं भांडण लावलं. साधा कौटुंबिक मराठी पिक्चर होता, मीच निवडला. अर्ध्यावर सुनेला कळा सुरू झाल्या. बाहेर विजा कडाडतायत, नवरा अंगणात येरझाऱ्या घालतोय, दाईने "गरम पाणी आणा" म्हणून दार लावून घेतलं. इतकी वर्षं मी बाळंतपणं करतेय. एवढं गरम पाणी आणून त्याचं काय करतात, हे मला एकाही पिक्चरने दाखवलेलं नाही. बाई पाठीवर सरळ आडवी, कपाळावरची टिकली जागच्या जागी, पदरसुद्धा ढळलेला नाही. दोनदा मान इकडून तिकडे केली आणि झालं. दाई हसत बाहेर आली. हातात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, चांगलं तीन महिन्यांचं. त्याने मानसुद्धा धरली होती.

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात याडी ओरडली, "वार पडली काय?"

भाभी दचकल्या. हातातलं हूक खाली पडलं.

"आवं, वार पडली काय पयले ते पाह्य ना! पोरगं घेऊन बाहेर कायले आली? तिकडं बाई रिकामी होऊन राह्यली असन!" याडी टीव्हीतल्या दाईलाच झापत होती. आणि खरं सांगते, ती बरोबर होती. बाळ आल्यावर वार पूर्ण पडली की नाही ते बघायचं, रक्त किती जातंय त्यावर नजर ठेवायची. बाई जगते की मरते ते त्या अर्ध्या तासात ठरतं. मी नव्या मुलींना हेच शिकवते. याडीला हे कोणी शिकवलं नव्हतं. तिच्या तरुणपणी तांड्यातली सगळी बाळंतपणं तिच्याच हातून व्हायची.

पुढचा सगळा पिक्चर तिने त्या सुनेच्या काळजीत काढला. बारशाला सून नटूनथटून नाचायला लागली तशी म्हणाली, "खाली बस वं बाई. खाली बस."

मी हसले. इथवर ठीक होतं. पण मग मी बोलून गेले, "म्हणूनच घरी बाळंतपण करू नये. दवाखान्यात नेली असती तर हे झालंच नसतं."

याडीने माझ्याकडे पाहिलं. "माह्या हातानं एकबी बाई गेली नाही."

"तुझं नशीब चांगलं होतं."

"नशीब?"

मला थांबायला हवं होतं. पण नोकरीची सवय लागलेली. सभांमध्ये हेच बोलत आलेय. धनुर्वात, रक्तस्राव, आडवं मूल, सगळं सुरू केलं. याडी ऐकत राहिली. मग म्हणाली, "तूच तं माहं काम बंद पाडलं. मी काही बोलली काय?"

ते खरं होतं. माझी नेमणूक आमच्याच भागात झाली आणि पहिल्या वर्षी मी तांड्यात घरोघर जाऊन सांगितलं, आता दाईकडे जायचं नाही, मला निरोप पाठवायचा. दाई म्हणजे माझीच आई, हे सगळ्यांना माहीत होतं. ती तेव्हा ओसरीवर बसून तूर निवडत होती. मी समोरून गेले, तरी तिने वर पाहिलं नव्हतं. मी केलं ते योग्यच केलं, आजही तेच करीन. पण त्या दुपारी धनुर्वाताचं भाषण मी तिथेच सोडलं. भाभींनी हळूच रिमोट घेऊन आवाज वाढवला.

चारेक दिवसांनी मुलीचा फोन आला. "आई, एक पिक्चर आलाय, आपल्या लोकांवर आहे. बक्षिसं मिळालीत बाहेरच्या देशात. आजीला दाखवच."

मी उत्सुकतेने लावला. हे कबूल करते, कारण पुढे मी जे केलं ते बघता कोणाला खरं वाटणार नाही.

सुरुवातीलाच सोनेरी उन्हात टेकडी आणि टेकडीवरून ओळीने चालत जाणाऱ्या बायका. सगळ्यांच्या अंगावर फेटिया-कांचळी, म्हणजे आमचा घागरा-चोळी, आरशांचं भरतकाम लखलखतंय, डोक्यावर घागरी. गोष्ट म्हणे आजच्या काळातली, कारण पुढच्याच मिनिटाला एकाच्या हातात मोबाइल होता. आमच्या तांड्यात आज फेटिया घालणाऱ्या म्हाताऱ्या हातावर मोजण्याइतक्या उरल्यात. बाकीच्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवून कापूस वेचायला जातात आणि पाणी नळाला येतं, येतं तेव्हा.

"आपल्या तांड्यात अशी लाईन लावून कोण पाण्याला जातं?" मी म्हणाले.

याडीची नजर पडद्यावरच होती.

नायिका मुंबईची गोरी पोर, तिला काळं रंगवलेलं. कानामागे रंग पोचला नव्हता. ती जे बोलत होती ती आमची गोरबोली नव्हती, हिंदी नव्हती, मारवाडीही नव्हती. तिघींना कुटून केलेली चटणी होती. तांड्याचा नायक, म्हणजे मुखिया, म्हणून जो दाखवला, तो दर वाक्याआधी आकाशाकडे बघायचा. आमचा नायक सरकारी ऑफिसातल्या बाबूकडे बघतो, कारण कामं तिथे अडलेली असतात. मी बोलत होते. प्रत्येक गोष्टीवर बोलत होते. आता वाटतं, दीड तासात मी श्वास तरी कधी घेतला असेल? भाभी रडत होत्या, पण त्या तर औषधाच्या जाहिरातीलाही रडतात, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

मग लग्नाचा प्रसंग आला. नवरी म्हणजे तीच रंगवलेली पोर, आणि तिच्या दंडात पहिल्या सीनपासून बांगड्यांचा चुडो. चुडो आमच्यात लग्न झालेल्या बाईचा. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

"अरे, लग्न व्हायच्या आधीच चुडो! कोणाला तरी विचारायचं होतं! एखाद्या म्हातारीला चहा पाजून विचारलं असतं तरी सांगितलं असतं तिने!" मी एवढी चिडले की रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

"लाव," याडी म्हणाली.

"काय लाव? हे आपण आहो काय?"

"लाव ना. मले पाह्याचं हाय."

"खोटं आहे सगळं. बघवत नाही मला."

ती थोडा वेळ काळ्या पडद्याकडे बघत बसली. मग उठली, भाकऱ्या केल्या, मला वाढलं. रात्री माझ्या प्लास्टरखाली उशी नीट करून दिली. सकाळी आंघोळ करून पिशवी भरली.

"कुठे चालली?"

"घरी. कापूस फुटला असन."

"याडी, मला प्लास्टर आहे."

"भाभीले सांगतलं मी. ते येईन दोन्ही टाइम." आणि ती गेली. मी कुबड्या शोधेपर्यंत ती रस्ता ओलांडून पलीकडे पोचली होती.

दुपारी भाभी डबा घेऊन आल्या. माझ्यापुढे ठेवला आणि उभ्याच राहिल्या.

"ताई, एक बात बोलू?"

"बोला."

"अम्मा रोऊन राह्यलत्या काल. तुम्ही पाह्यलं नाही."

"याडी? रडत होती?"

"ते बुढी गाऊन राह्यलती ना लग्नात. अम्मा तिच्यासंगं ओठ हलवत होत्या. अन् तुम्ही चुडो चुडो करून राह्यलत्या."

मला कोणती म्हातारी, काही आठवेना. मी टीव्ही लावला. तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा पाहिला. होती. नवरीच्या शेजारी, चौकटीच्या कडेला एक म्हातारी बसली होती. कोणत्यातरी खऱ्या तांड्यातून आणलेली, कारण तिचा फेटिया विटका होता आणि हातांवर गोंदण. तिने नवरीच्या गळ्यात हात टाकला आणि ढावलो सुरू केला. ढावलो म्हणजे सासरी जाताना नवरीने रडत रडत म्हणायचं गाणं. आई-बाप, भाऊ, सख्या, गुरं, सगळ्यांचा निरोप घ्यायचा. त्यात रडणं आणि गाणं वेगळं काढता येत नाही. हुंदका कुठे घ्यायचा तेसुद्धा ठरलेलं असतं. म्हातारी ते नवरीच्या वाटचं अगदी जसंच्या तसं म्हणत होती. एक मिनिट, फार तर सव्वा. खालून कोणीतरी व्हायोलिन वाजवत होता. मग हिरो घोड्यावरून आला आणि तिचं गाणं संपलं.

एवढ्या मोठ्या पिक्चरात तेवढीच एक गोष्ट खरी होती आणि नेमक्या तेव्हाच मी बोलत होते.

ढावलो पूर्वी मुलींना लग्नाआधी महिना महिना शिकवत. तांड्यात शिकवणारी याडीच होती. मी शिकले नाही. तेव्हा यवतमाळला नर्सिंगचं ट्रेनिंग चाललं होतं, होस्टेलच्या मैत्रिणी लग्नाला येणार होत्या, त्यांच्यापुढे गळा काढून रडायची मला लाज वाटली. मी तसं स्पष्ट सांगितलं. लग्नाच्या दिवशी सगळे थांबले होते आणि मी तोंड मिटून उभी होते. शेवटी याडीने माझ्या वाटचं म्हटलं. नवरीचं गाणं नवरीच्या आईने म्हटलं. ह्याबद्दल ती मला नंतर एका शब्दानेही बोलली नव्हती.

मी पिक्चर शेवटपर्यंत पाहिला. शेवटी नावं सरकत गेली. दोन घोडे सांभाळणाऱ्या माणसाचं नाव होतं. त्या म्हातारीचं कुठेच नव्हतं. "आणि सर्व गावकरी," एवढंच. माझा राग पुन्हा उसळला, पण ह्या वेळी तो कोणावर काढायचा ते कळेना. अशी बाई मिळाली होती तुम्हाला, आणि तुम्ही तिला सव्वा मिनिट दिलं! मी भाभींना हे तीनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "अम्माले सांगा ना ताई, मला काहून सांगता?"

प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात मी भाभींना घेऊन तांड्यावर गेले. पिक्चर मोबाइलवर उतरवून घेतला होता, कारण तिकडे नेटवर्क धड नसतं. याडी ओसरीत बसली होती. तिने आधी माझा पाय हातात घेऊन घोटा चारी बाजूंनी दाबून पाहिला.

"दुखते?"

"थोडा."

"चालत जा. बसू नको."

मी म्हणाले, "याडी, तो पिक्चर आणलाय. तेव्हा मी बंद केला, चुकलं माझं."

ती "हं" म्हणाली, आणि शेजारणींना हाक मारली. पाचसहा बायका आल्या. पाण्याच्या कॅनला टेकवून मोबाइल उभा केला. मी ठरवलं होतं, तोंड उघडायचं नाही. पण बायकांची ओळ टेकडीवरून उतरायला लागली आणि याडीच सुरू झाली. "हे पोरगी पयल्यांदाच घागर उचलून राह्यली. पाह्य कशी धरली, घागरीत पाणीच नाही." मग कानामागचा रंग. मग नायकाचं आकाशाकडे बघणं. मग चुडो. मी जे जे बोलले होते ते सगळं, शब्दाला शब्द, आणि बायका पोट धरून हसत होत्या. एक तर डोळे पुसत म्हणाली, "तुमची याडी लय बारीक पाह्यते बाई!"

"मी हेच म्हणत होते," मी भाभींच्या कानात म्हणाले. "हेच म्हणत होते मी!"

"हौ ताई. पर तुम्ही चिडून बोलता."

ढावलो आला तशा सगळ्या गप्प झाल्या. मोबाइलचा आवाज एवढासा. दुसऱ्या ओळीला याडीने सूर धरला, मग शेजारच्या म्हातारीने, मग आणखी दोघींनी. पिक्चरमध्ये घोडा आला, हिरो आला, मारामारी झाली. ह्यांचं चालूच. सव्वा मिनिटात ते कुठे संपणार? बापाचं झालं, भावाचं झालं, गाईचं झालं. चाळिशीतल्या बायका नुसत्या ऐकत होत्या. त्यांनाही येत नव्हतं. भाभी रडत होत्या, आणि ह्या वेळी त्यांच्याकडे बघून मला औषधाची जाहिरात आठवली नाही.

सगळ्या पांगल्यावर याडीने विचारलं, "शेवटी काय झालं त्या पोरीचं?"

"नदीत उडी मारते."

"कायले?"

"ते काही सांगितलं नाही."

तिने तोंड वाकडं केलं. मग मी विचारलं, मला ढावलो शिकवशील का. ती माझ्याकडे बघतच राहिली. "आता? तुले कोणाच्या घरी जायाचं हाय?"

"कुठेच नाही. असंच."

तिने समोरचा पाण्याचा कॅन बाजूला सारला. मग मांडी बदलली आणि पहिली ओळ म्हणून दाखवली. मी म्हटली. ती म्हणाली, चूक. पुन्हा म्हटली. पुन्हा चूक. "हुंदका कुठी घेते वं? शब्दाच्या मंधात नाही घ्यायचा. पाणी पेल्यासारखी काहून म्हणून राह्यली?" चौथ्यांदा तिने माझ्या बरगडीवर हात ठेवला आणि म्हणाली, "इथून." बाळंत होणाऱ्या बाईला जोर कुठून लावायचा ते सांगताना मी स्वतः जसा हात ठेवते, तसाच.

रस्त्यावर काळीपिवळीवाला हॉर्न वाजवत होता. शेवटची फेरी होती. भाभी पिशवी घेऊन उभ्या राहिल्या.

"थांबू दे त्याले," याडी म्हणाली. "म्हण."

मी म्हटलं. तिने डोळे मिटून ऐकलं आणि वैतागून मान हलवली.

"पुन्ना."